कुलाबा टर्मिनसच्या खुणा

कुलाबा टर्मिनस : मुंबईतील बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीचे, दक्षिणेकडील शेवटचे स्थानक. १८९६ मध्ये ते सुरू झाले आणि ३१ डिसेंबर १९३० रोजी बंद झाले. आता या मार्गाचे रूळ चर्चगेटलाच संपतात. पुढचा सुमारे दोन किलोमीटरचा मार्ग उखडला गेला, त्याला नव्वदहून अधिक वर्षे झाली. तो शोधायचा असेल तर कफ परेडकडे जाणाऱ्या बेस्टच्या बसने निघावे आणि बधवार पार्कजवळच्या थांब्यावर उतरावे. स्थानक होते ते इथेच.

थांब्यावर उभे राहून पाहिले तर ना रूळ दिसतात, ना फलाट, ना सिग्नलचा खांब. दिसते ती पश्चिम रेल्वेच्या अधिकाऱ्यांची वसाहत. सर्वांत जवळचे लोकलचे स्थानक इतके दूर असताना रेल्वेची घरे इथे कशी, हा प्रश्न पडला की शोधाला सुरुवात झालीच. रेल्वे गेली, पण तिची जमीन तिच्याकडेच राहिली, आणि याच जमिनीवर पुढे बधवार पार्क उभे राहिले. वसाहतीला नाव आहे रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष राहिलेले फतेहचंद बधवार यांचे. नोव्हेंबर २००८ मधील हल्लेखोर शेजारच्या कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हापासून हे नाव देशभर माहीत झाले; त्याचा रेल्वेशी असलेला जुना संबंध मात्र फारसा कुणाच्या ध्यानात नसतो.

विरारहून बॅकबे या तेव्हाच्या स्थानकापर्यंत पहिली लोकल धावली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. १८७० मध्ये चर्चगेट स्थानक झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच, टर्मिनस होण्याच्या बरेच आधी, रूळ कुलाब्याला पोहोचले. याला कापसाचे मोठे कारण होते. मुंबईचा कापूसबाजार १८४४ मध्येच किल्ल्यातून कुलाब्याला हलला होता. तिथल्या मोकळ्या मैदानाला ‘कॉटन ग्रीन’ म्हणत, आणि गुजरातचा कापूस उतरवायला या कंपनीइतका सोयीचा मार्ग दुसरा नव्हता. पुढे बाजार शिवडीकडे गेला, तेव्हा जाताना नावही घेऊन गेला. हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन हे स्थानक म्हणजे कुलाब्याची कुलाब्याबाहेर सापडणारी खूण, आणि मला तरी ती सर्वांत लोभस वाटते.

अखेरच्या वर्षांत कुलाबा अजिबात मरगळलेले नव्हते. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेवरची गाडी सुरू झाली. पेशावरला जाणारी फ्रंटियर मेलही काही काळ इथून सुटे. म्हणजे विजेच्या तारा ओढल्यावर तीन वर्षांच्या आतच स्थानकाला कुलूप लागले. कारण होते बॅकबेचा, म्हणजे शहराच्या पश्चिमेकडील उपसागराचा, भराव. तोवर चर्चगेटच्या दक्षिणेला रूळ समुद्राच्या कडेने जात. समुद्र बुजवून नवी जमीन तयार होऊ लागली तसा हा मार्ग जुने शहर आणि नवी वस्ती यांच्या मधोमध येणार होता. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल बांधले गेले. १८ डिसेंबर १९३० रोजी ते सुरू झाले आणि तेरा दिवसांनी कुलाबा थांबले.

चर्चगेट हे मूळचे वाटेवरचे स्थानक. ते शेवटचे ठरले ते पुढचा मार्ग तोडल्यामुळे. त्यामुळे तिथल्या फलाटांच्या टोकाशी गाडी थोपवण्यासाठी असलेले बफर हीच या लुप्त मार्गाची सर्वांत मोठी खूण म्हणायला हवी, आणि रोज लाखो माणसे तिच्यासमोरून जातात. तिथून दक्षिणेला ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेने चालत गेले की डावीकडे मैदानापलीकडे विद्यापीठ आणि उच्च न्यायालय, तर उजवीकडे आर्ट डेको इमारतींची रांग दिसते. या इमारती भरावाच्या जमिनीवर उभ्या आहेत, म्हणजे रुळांच्या काळात तिथे पाणी होते. २०१८ मध्ये युनेस्कोने मैदानाच्या दोन्ही बाजूंचा हा वारसा जागतिक यादीत घेतला. रूळ हटले नसते तर मैदान आणि ही घरे अशी समोरासमोर आलीच नसती.

बसने शोध सुरू करण्याला आणखी एक आधार आहे. शहरातील पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली, ती कुलाब्यातीलच अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. म्हणजे साडेचार वर्षे कुलाब्यात रेल्वे आणि बस दोन्ही होत्या. रेल्वे गेल्यावर इथली प्रवासी वाहतूक ट्राम आणि बसवर आली. ट्रामही ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. त्यानंतर या भागात पुन्हा रूळ आले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये, जमिनीखालून, मेट्रो तीनच्या कफ परेड स्थानकापर्यंत.