रास्पबेरी आणि तुती : दोन्ही फळांच्या पोषणातला फरक

महाबळेश्वरच्या बाजारात रास्पबेरी आणि तुती, म्हणजेच शहतूत, बऱ्याचदा शेजारीशेजारी मांडलेली असतात आणि दाणेदार रूपामुळे अनेकांना ती एकाच फळाची दोन रूपे वाटतात. प्रत्यक्षात रास्पबेरी गुलाबाच्या कुळातली, तर तुती वड, उंबर आणि फणसाच्या कुळातली आहे. रास्पबेरी तोडली की तिचा पांढरा गाभा झुडपावरच राहतो, त्यामुळे फळ टोपीसारखे आतून पोकळ दिसते. तुती मात्र लांबट, भरीव असते आणि तिचा हिरवा देठ तिच्यासोबतच येतो. एवढी खूण ओळखायला पुरेशी आहे.

पोषणाच्या दृष्टीने खरा फरक तंतूंचा आहे. 100 ग्रॅम ताज्या रास्पबेरीत सुमारे 6.5 ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच तुतीत जेमतेम 1.7 ग्रॅम. साखरेचे प्रमाण नेमके उलटे आहे : रास्पबेरीत सुमारे 4.4 ग्रॅम, तुतीत 8 ग्रॅमच्या आसपास. म्हणून बद्धकोष्ठतेचा त्रास असणाऱ्यांनी किंवा रक्तातील साखरेवर लक्ष ठेवणाऱ्यांनी दोहोंपैकी एकच निवडायचे असेल, तर मी निःसंकोचपणे रास्पबेरी सुचवेन. मात्र हे तंतू मोठ्या प्रमाणात तिच्या बारीक बियांमध्ये असतात. रस गाळून, साखर घालून केलेल्या सिरपमध्ये ते फारसे उरत नाहीत आणि साखर मात्र कित्येक पटींनी वाढते, हे बाटली विकत घेताना ध्यानात ठेवावे.

तुतीचे पारडे दुसऱ्या बाजूने जड आहे. तिच्यात 100 ग्रॅममागे सुमारे 1.8 मिलिग्रॅम लोह असते, जे रास्पबेरीच्या अडीच पटींहून अधिक आहे. शिवाय 36 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते (रास्पबेरीत 26), आणि वनस्पतिजन्य लोह शरीरात शोषले जाण्यास हेच जीवनसत्त्व मदत करते. एकाच फळात दोन्ही मिळणे ही मोठी सोय आहे, जरी रक्तक्षयावरचा उपचार म्हणून तिच्यावर विसंबून राहता येणार नाही.

दोन्ही फळांना रंग देणारी अँथोसायनिन ही द्रव्ये ऑक्सिडीकरणरोधक (अँटिऑक्सिडंट) आहेत. तुती मधुमेहावर गुणकारी असल्याचे जे सांगितले जाते, त्याचा आधार मुख्यतः तिच्या पानांत आहे : पिष्टाचे साखरेत रूपांतर करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवणारे एक संयुग पानांत आढळते. पानांचा हा गुण फळाला चिकटवणे चुकीचे आहे, आणि मधुमेहाची औषधे चालू असताना पानांची पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अशीच गल्लत रास्पबेरीच्या बाबतीत वजन घटवणाऱ्या 'रास्पबेरी कीटोन'च्या गोळ्यांमुळे होते. हे फळाच्या सुगंधातले द्रव्य फळात अत्यल्प असते, गोळ्यांत ते बहुधा कृत्रिमरीत्या तयार केलेले असते आणि त्याने माणसाचे वजन उतरते याला भरवशाचा पुरावा नाही.