ऑपरेशन मणक्याचं, मग घास का अडकतो?

नागपुरी माणसानं तर्री पोह्यांना नाही म्हटलं की घरात चिंता पसरते. मानेला पट्टा लावून ऑपरेशनहून परतलेल्या एका काकांनी बशीतले चणे एकेक करून बाजूला काढले, तर्रीत भिजलेले पोहे तेवढे सावकाश खाल्ले. लगेच निदान झालं : "मणका मागं हाये, मंग घशाले काय झालं? नस कापली असन डॉक्टरनं!"

मणका मागे हे खरं, पण मानेच्या मणक्यांमधली सरकलेली गादी काढायला सर्जन बहुतेकदा समोरून, गळ्याकडून जातात. मागून गेलं तर मज्जारज्जू आड येतो. ही समोरची वाट १९५०च्या दशकापासून रुळली. एकीकडे मेंदूकडे जाणारी धमनी, दुसरीकडे श्वासनलिका आणि अन्ननलिका, आणि मधून रस्ता. त्यासाठी अन्ननलिका बराच वेळ बाजूला ओढून धरावी लागते.

आता खरी गंमत. घास घशातून आपोआप खाली पडत नाही. अन्ननलिकेचं वरचं तोंड एरवी घट्ट आवळलेलं असतं. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, तो वर उचलला जातो. जिभेच्या मुळाशी असलेलं छोटं हाड वर आणि पुढे जातं, त्याला बांधलेलं स्वरयंत्रही जातं. त्याच क्षणी मेंदू आवळलेला स्नायू सैल सोडतो आणि पुढे सरकणारं स्वरयंत्र ते तोंड ओढून उघडतं. श्वास थांबतो, स्वरतंतू मिटतात. सगळं साधारण सेकंदाभरात.

हे सरकणं शक्य होतं ते घशाची मागची भिंत आणि मणके यांच्यामधल्या सैल, पातळ थरामुळे. ऑपरेशन नेमकं तिथेच होतं. थर सुजतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तच. त्यात मणके जोडायला बसवलेल्या धातूच्या प्लेटची जाडी. सरकणं कमी, म्हणून अन्ननलिकेचं तोंड उघडणंही कमी. मऊ भात उतरतो, कोरडी पोळी अडते. 'नस' अगदीच निर्दोष नाही : स्वरयंत्राची एक नस छातीत उतरून पुन्हा वर येते, तिला ताण बसला तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो.

बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतो, थोड्यांचा रेंगाळतो. दृष्ट काढल्यावर घसा मोकळा झाला म्हणणारे भेटतातच. सूज तशीही उतरणारच होती. गळा चोळून देणाऱ्यांकडे मात्र मुळीच जाऊ नये. ठसके थांबत नसतील, वजन घटत असेल, तर एक्स-रेत दिसणारं बेरियम पाजून गिळण्याचा चालता एक्स-रे काढतात आणि स्पीच थेरपिस्ट गिळण्याचे व्यायाम शिकवतात. ऑपरेशननंतर मान फुगून श्वास अडू लागला, तर तो रक्त साचल्याचा धोका असतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठावं.