‘ही फेरी मागे घ्या’ असे म्हणण्यापूर्वी

प्रत्येक संघ वेगळ्या खोलीत बसून केवळ आपल्या सैन्याला दिसते तेवढेच पाहतो, अशा आमच्या मोठ्या युद्धखेळांत (नकाशावर लढल्या जाणाऱ्या लुटुपुटीच्या लढायांत) एक तक्रार हमखास येते : शत्रू अचानक इथे आलाच कसा? पंचांची चूक झाली आहे, ही फेरी मागे घ्या. मग खेळ थांबतो आणि तपासणी संपेपर्यंत इतर सर्व खोल्या ताटकळत बसतात.

तपासणीत बहुतेक वेळा जे आढळते, ते असे. टेहळणी तुकडीने चौथ्या फेरीत पूल मोकळा पाहिलेला असतो. दूत मुख्यालयात पोहोचेपर्यंत दोन फेऱ्या जातात आणि सहाव्या फेरीत नकाशावर ‘पूल मोकळा’ अशी खूण होते. खूण सहाव्या फेरीत झाली म्हणून सारा संघ तीच सहाव्या फेरीतली स्थिती मानतो, आणि सातव्या फेरीत पुलाकडे निघालेले पायदळ झाडीत दडलेल्या तोफांच्या माऱ्यात सापडते. लबाडी कोणीच केलेली नसते. नकाशा जुना झालेला असतो. म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे की, प्रत्येक खुणेशेजारी अहवाल मिळाल्याची नव्हे, तर प्रत्यक्ष पाहिल्याची फेरी लिहावी. ‘पाहिले, कोणी नव्हते’ आणि ‘पाहिलेच नाही’ या दोन गोष्टींसाठीही वेगळ्या खुणा ठेवाव्यात, कारण कोरी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे.

पंच आधी सावध का करत नाहीत, असेही विचारले जाते. प्रशियाच्या तोफखान्यातील लेफ्टनंट रायस्विट्झ यांनी १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळातही पंच प्रत्येक बाजूला तिच्या सैन्याला दिसेल तेवढेच सांगत असत, आणि ती शिस्त आम्ही जाणीवपूर्वक पाळतो. निकाल फिरवण्याबाबत तर आम्ही अधिकच कठोर आहोत. १९४२ च्या मे महिन्यात जपानी आरमाराने पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटांवरील मोहिमेची नकाशावर तालीम केली, तेव्हा पंचांनी जपानी विमानवाहू जहाजांवर नऊ बॉम्ब पडल्याचा निकाल दिला होता. तालमीची सूत्रे सांभाळणाऱ्या ॲडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले आणि बुडालेले ‘कागा’ हे विमानवाहू जहाज तालमीच्या पुढच्या टप्प्यात पुन्हा तरंगू लागले. जूनमधील खऱ्या लढाईत ‘कागा’सह ॲडमिरल नागुमो यांच्या नेतृत्वाखालील ताफ्यातील चारही विमानवाहू जहाजे बुडाली. मात्र पंचाने संघाचे आज्ञापत्र (लेखी हुकूम) चुकीचे वाचले असेल, तर ती चूक आमची आहे. ती आम्ही मान्य करतो आणि तेवढ्यापुरती दुरुस्ती करतो.

खेळ संपल्यावर सर्व संघांचे नकाशे पंचांच्या नकाशाशेजारी मांडून आम्ही फेरीगणिक उलगडा करतो. आपण हरलो त्या फेरीत शत्रूच्या खोलीत काय चालले होते, हे तिथे कळते, आणि अनेक संघ मुख्यतः या बैठकीसाठीच पुन्हा येतात. नोंदणी करताना केवळ नोंदी ठेवण्यासाठी नेमलेल्या सदस्याचे नाव स्वतंत्रपणे कळवावे. त्या सदस्यासाठीचे तासाभराचे सरावसत्र मूळ शुल्कातच समाविष्ट आहे.