‘हंगामी’ या शब्दाआडची सुरक्षा : खानदेशातील जिनिंग कामगारांची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आगेमागे कापूस घरात येऊ लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधण्याचे, कारखाने धडधडू लागतात आणि उन्हाळा तापेपर्यंत बहुतेक ठिकाणची यंत्रे थांबलेली असतात. या कामाला कायद्याच्या भाषेत ‘हंगामी’ म्हणतात. या कामगारांच्या सुरक्षिततेचा इतिहास चाळताना हा निरुपद्रवी वाटणारा शब्द वारंवार आडवा येतो. संरक्षण मिळायच्या वेळी ते नाकारण्याचे कारण म्हणून तोच पुढे केलेला दिसतो.

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची गरज भासू लागली आणि त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोहोचली. हाताने सरकी वेगळी करण्याच्या कामाची जागा पुढे वाफेवर चालणाऱ्या जिनांनी घेतली. देशातील पहिला कारखाने कायदा १८८१ साली झाला खरा, पण तो शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता, त्यामुळे हंगामी जिन त्यातून सुटले. तेथे काय चालले होते, हे मुंबई सरकारच्या १८८४-८५ च्या कारखाना आयोगापुढील साक्षींत नोंदले गेले आहे. खानदेशातील जिनिंगचा अनुभव असलेल्या एका व्यवस्थापकानेच सांगितले की मजूर पहाटे चार-पाचला कामावर येत, रात्रीपर्यंत राबत आणि ऐन हंगामात तीच माणसे सलग सुमारे आठ दिवस रात्रंदिवस यंत्रावर उभी असत. या मजुरांत मोठा भरणा बायकांचा होता. झोपेने जड झालेला हात फिरत्या यंत्राजवळ किती वेळ शाबूत राहील, याचे उत्तर शोधायला आयोगाची गरज नव्हती.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आपल्या कक्षेतील सर्व कारखान्यांना लागू केली, स्त्रियांच्या कामाचे तास अकरावर आणले आणि मजुरांची मर्यादा शंभरावरून पन्नासावर उतरवली. चार महिन्यांची पळवाट मात्र १९११ च्या कायद्यापर्यंत बुजली नाही. म्हणजे ज्या जिनांतील हालांची साक्ष सरकारदरबारी नोंदली गेली होती, त्यांतल्या कित्येकांपर्यंत कायदा पोहोचायला त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे लागली.

या कामातला धोका समजायला जुन्या पद्धतीचा जिन डोळ्यांपुढे आणावा लागतो. यंत्रे ओळीने मांडलेली असतात. कामगार समोर उभा राहून कापूस आत सारतो, चामड्याचा रूळ रुई ओढून घेतो आणि सुरी सरकी अडवून खाली पाडते. सगळ्या ओळीला फिरवणारा लांब शाफ्ट आणि त्यावरचे पट्टे जिथे असतात तिथेच सरकी साचते, आणि ती काढायला कोणाला तरी आत जावे लागते. लुगड्याचा पदर, उपरण्याचे टोक किंवा सैल बाही पट्ट्यात सापडली की माणूस क्षणात ओढला जातो. म्हणूनच महाराष्ट्राच्या १९६३ च्या कारखाने नियमांत जिनिंगसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली: शाफ्टभोवती सलग भिंत किंवा चढून जाता येणार नाही असे कुंपण हवे, सरकी काढणे, सफाई आणि तेल घालणे यांपुरतीच दारे हवीत आणि ती कुलूपबंद हवीत. नियमातला ‘कुलूप’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण घाईच्या दिवसांत नुसते लोटलेले दार कोणीही उघडतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या २७ व्या कलमाने प्रेसिंगच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारे यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रिया आणि मुलांना कामाला लावण्यास मनाई केली. छतापर्यंत किंवा निरीक्षकाने ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत पडदी घालून यंत्राची कापूस घालण्याची बाजू वेगळी केली असेल, तरच त्या बाजूला स्त्रिया आणि मुलांना सवलत दिली. बाईला धोक्यापासून दूर नेणे आवश्यक होते, पण पुरुष मजूर त्याच धोक्यासमोर उभा राहिला, याचीही नोंद घेतली पाहिजे.

दुसरा धोका नाकातोंडातून आत जातो. कापसाच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुफ्फुसांच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, ही त्याची सुरुवातीची ओळखीची खूण. हा विकार भरपाईच्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे; तथापि हंगाम संपताच शेतात परतणाऱ्या आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच कारखान्यात जाणाऱ्या मजुराचा खोकला कोणत्या मालकाच्या खात्यावर लिहायचा, हा प्रश्न सुटत नाही.

अपघात झालाच तर १९२३ च्या भरपाई कायद्याने मालकाला जबाबदार धरले आणि ठेकेदाराने आणलेल्या मजुराची जबाबदारीही मूळ मालकावर टाकली. आजारपणात आणि अपघातात कामगाराला विम्यातून मदत देणाऱ्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मात्र १९४८ मध्ये हंगामी कारखाने वगळले. त्या कायद्यातील हंगामी कारखान्याची व्याख्या वाचली तर यादीत पहिले नाव कापसाच्या जिनिंगचेच आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर कारखाने कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीने कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेविषयी मालकाकडे माहिती मागण्याचा हक्क कामगाराला दिला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे जिल्ह्यातील शिरपूरजवळच्या वाघाडी येथे रासायनिक कारखान्यातील स्फोटात किमान तेरा जीव गेले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. जिनात गेलेल्या बोटांची बातमी बहुधा तालुक्याबाहेर जात नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या, जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या नव्या श्रम संहितांनी नियुक्तिपत्र आणि चाळिशी ओलांडलेल्या कामगारांसाठी वार्षिक आरोग्य तपासणी बंधनकारक केली आहे. त्याचबरोबर विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर नेली आहे, आणि राज्य विम्यातून हंगामी कारखाने अजूनही बाहेरच आहेत. त्यामुळे जिनिंगवरच्या जखमी मजुराला आजही मालकाविरुद्ध भरपाईचा दावाच लावावा लागतो, आणि त्या दाव्यात त्याला सर्वांत आधी विचारले जाते ते हजेरीपटावर त्याचे नाव आहे का, हे.