सिम्युलेशन लीगमधली जुनी बेसबॉल टीम आणि कस्टम कार्डं

बेसबॉलच्या एखाद्या जुन्या सिझनमधली खरी टीम घ्यायची, तिच्या प्रत्येक खेळाडूचं त्या वर्षीच्या आकड्यांवरून कार्ड बनवायचं आणि फासे टाकून किंवा कॉम्प्युटरवर तो आख्खा सिझन इतर मॅनेजरांविरुद्ध पुन्हा खेळायचा, हा अमेरिकेत कित्येक दशकं चालत आलेला छंद आहे. शाळेत बुक क्रिकेट खेळलेल्या कोणालाही याची गोडी लगेच कळेल, फक्त इथे पान सगळ्यांसाठी सारखं नसतं, बेब रूथसारख्या महान बॅटरचं कार्ड वेगळं आणि नवव्या नंबरला येणाऱ्या पिचरचं, म्हणजे बॉलरचं, वेगळं. लाइनअप काय लावायची, पिचर कधी काढायचा, बंट (बॉल हळूच अडवून जवळच टाकणं) कधी करायचा, बेस चोरायचा (बॉल मारला जाण्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळायचं) की नाही, हे सगळं मॅनेजर ठरवतो.

या छंदातले दोन मोठे खेळ म्हणजे एपीबीए आणि स्ट्रॅट-ओ-मॅटिक. एपीबीए पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या डिक सेट्झने १९५१ मध्ये विकायला काढला, त्यात दोन फासे दहम-एकम असे वाचतात म्हणजे ११ ते ६६ असे ३६ निकाल होतात. स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ चा, हॅल रिचमनचा, आणि त्याने याची जुळवाजुळव पोरवयातच सुरू केली होती. कस्टम कार्डवाले, म्हणजे आपली कार्डं स्वतः बनवणारे, बहुतेक या दुसऱ्या खेळाकडे वळतात, कारण त्याचं गणित एकदा समजलं की घरी बसून करता येतं.

ते गणित असं. तीन फासे टाकायचे, त्यातला एक वेगळ्या रंगाचा. त्यावर १, २, ३ आलं तर बॅटरच्या कार्डावरचा त्या नंबरचा कॉलम बघायचा, ४, ५, ६ आलं तर पिचरच्या, आणि उरलेल्या दोन फाश्यांची बेरीज त्या कॉलममधली ओळ दाखवते. प्रत्येक कार्डावर तीन कॉलम, प्रत्येक कॉलममध्ये ३६ शक्यता, म्हणजे कार्डावर १०८ आणि दोन्ही मिळून २१६. थोडक्यात निम्मा खेळ बॅटरच्या हातात, निम्मा पिचरच्या, आणि सगळी मेख इथेच आहे. बॅटरच्या कार्डावर त्याचे खरे आकडे जसेच्या तसे छापून चालत नाही, कारण उरलेला अर्धा वेळ तो समोरच्या पिचरच्या कार्डावर खेळणार आणि तो पिचर सरासरीच असेल असं धरावं लागतं. म्हणून २१६ च्या हिशोबाने त्याचा आकडा काढायचा आणि त्यातून सरासरी पिचरचा वाटा वजा करायचा.

उदाहरण म्हणून १९३० ची फिलाडेल्फिया फिलीज घेऊ, कारण कस्टम कार्ड बनवणाऱ्याची आणि मॅनेजरची दोघांचीही परीक्षा बघणारी याहून चांगली टीम मला तरी माहीत नाही. या टीमची बॅटिंग सरासरी .३१५ (दर हजार अॅट-बॅटमागे, म्हणजे वॉक सोडून बॅटिंगच्या संधींमागे, ३१५ हिट; हिट म्हणजे बॉल मारून बेस गाठणं) होती, तरी ती १०२ मॅच हरली आणि ५२ च जिंकली. पिचिंगचा ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या नावावर लागलेल्या रन) ६.७१, आणि दिलेल्या रन ११९९, विसाव्या शतकापासून आजवर इतक्या रन दुसऱ्या कुठल्याही टीमने एका सिझनमध्ये दिलेल्या नाहीत. मॅनेजर होता बर्ट शॉटन. राइट फिल्डला, म्हणजे आउटफिल्डच्या (मैदानाच्या मागच्या भागाच्या) उजव्या बाजूला, चक क्लाइन, .३८६ सरासरी, २५० हिट, ४० होम रन, १७० आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेल्या रन). लेफ्टला लेफ्टी ओडूल, .३८३.

आता क्लाइनचं कार्ड. ६४८ अॅट-बॅट आणि ५४ वॉक (चार खराब बॉलमुळे फुकट मिळालेला बेस), म्हणजे ७०२ वेळा तो उभा राहिला असं धरू. २५० हिट म्हणजे २१६ मागे साधारण ७७. त्या वर्षी नॅशनल लीगची (दोन मोठ्या लीगपैकी फिलीजची) सगळी मिळून सरासरी .३०३ होती, म्हणजे सरासरी बॅटरला २१६ मागे ६० च्या आसपास हिट मिळायच्या, त्यातल्या ३० पिचरच्या कार्डावरच्या. ७७ वजा ३०, क्लाइनच्या कार्डावर १०८ पैकी ४७ हिट. असंच होम रनचं, वॉकचं, स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर आउट होण्याचं) करत जायचं.

लीगची सरासरी यात का धरावी लागते हे १९३० च्या शेजारी १९६८ ठेवलं की कळतं. १९६८ ला दुसऱ्या मोठ्या लीगचा, अमेरिकन लीगचा, सर्वाधिक सरासरीचा बॅटिंग टायटल कार्ल यस्त्रेम्स्कीने .३०१ वर जिंकला, कारण आख्ख्या लीगची सरासरी .२३० होती. म्हणजे १९३० च्या नॅशनल लीगमधला सरासरी खेळाडू नुसत्या आकड्याने यस्त्रेम्स्कीच्या पुढे. वेगवेगळ्या वर्षांच्या टीम एकाच लीगमध्ये खेळवताना कार्डं आपापल्या वर्षाच्या सरासरीवर बेतली नाहीत तर १९३० वाले सगळ्यांना धुऊन काढतात आणि लीगला काही अर्थच राहत नाही. एकाच वर्षाच्या लीगमध्ये हा प्रश्न येत नाही, म्हणून नव्याने शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

बॅटिंग हा तरी सोपा भाग आहे. खरे वाद फिल्डिंगवर होतात, आणि क्लाइनचं प्रकरण तर बघण्यासारखं आहे. १९३० मध्ये राइट फिल्डवरून थ्रो करून त्याने ४४ असिस्ट (धावणाऱ्याला आउट करायला कामी आलेले थ्रो) मिळवले, आउटफिल्डरचा हा १९०० नंतरचा रेकॉर्ड आहे. आकडा बघून कोणीही त्याला खेळातला सर्वात भारी आर्म (थ्रोचं रेटिंग) देऊन टाकेल, पण जरा थांबायला हवं. फिलीजचं मैदान बेकर बोल, तिथे राइट फिल्डची भिंत होम प्लेटपासून जेमतेम २८० फुटांवर होती आणि ६० फूट उंच, त्यामुळे क्लाइन पुढे उभा राहायचा, भिंतीवरून उसळलेला बॉल उचलायचा आणि थ्रो टाकायचा, अंतर कमीच. दुसरं म्हणजे त्याच्या पिचरनी इतक्या हिट दिल्या की बेसवर कायम माणसं, मग आउट करायला गिऱ्हाइकंही भरपूर. ४४ मधला किती वाटा त्याच्या हाताचा, किती भिंतीचा आणि किती बिचाऱ्या पिचरांचा, हे कार्ड बनवणाऱ्यालाच ठरवावं लागतं. माझ्या मते आर्म उत्तम द्यावा पण सर्वोच्च देऊ नये. होम रनचंही तसंच. मैदानाला वेगळं रेटिंग द्यायचं असेल तर भिंतीने दिलेले होम रन कार्डावरून काढून मैदानाच्या फाश्यावर टाकावे लागतात, नाहीतर राइट फिल्डकडे मारणाऱ्या डावखुऱ्या क्लाइनला तोच फायदा दोनदा मिळतो.

जुन्या सिझनसाठी आकडे आता सहज मिळतात, यात १९८९ मध्ये डेव्हिड स्मिथ यांनी सुरू केलेल्या रेट्रोशीटचं काम फार मोठं आहे, स्वयंसेवकांनी जुन्या मॅचेसच्या नोंदी एक-एक करून गोळा केल्यात आणि फुकट ठेवल्यात.

मॅनेजरकडे या टीममध्ये करण्यासारखं काय उरतं? भरपूर. बहुतेक लीगमध्ये नियम असतो की खेळाडू खऱ्या सिझनमध्ये जितका खेळला साधारण तितकाच वापरायचा, आणि माझ्या मते हा नियम नसेल तर ती जुनी टीम राहतच नाही, थोड्याच मॅचेसमध्ये चमकलेल्या कोणालाही रोज खेळवता येतं. फिलीजच्या बाबतीत हा नियम पिचिंगला टोचतो. स्टार्टरमध्ये (मॅच सुरू करणाऱ्या पिचरमध्ये) त्यातल्या त्यात भरवशाचा एकच, फिल कॉलिन्स, १६ जिंकला ११ हरला, आणि तो रोज टाकू शकत नाही. मग यादीत ग्रोव्हर क्लीव्हलंड अलेक्झांडर दिसतो, ३७३ विजयांचा महान पिचर, आणि नवीन मॅनेजर हरखून जातो. पण हा ४३ वर्षांचा अलेक्झांडर आहे, २२ इनिंग्जही टाकल्या नाहीत आणि ईआरए ९.१४. ज्याने १९१५ ला याच फिलीजसाठी १.२२ ईआरएने ३१ मॅच जिंकल्या त्याचं कार्ड वेगळं बनतं, नाव एकच असलं तरी. ओडूलचंही बघावं लागतं, मुळात पिचर, हात दुखावल्यामुळे आउटफिल्डला आलेला, त्याचा थ्रो कमजोर, मग पुढे असताना शेवटच्या इनिंग्जमध्ये त्याच्या जागी बरा फिल्डर आणायचा की .३८३ ची बॅट ठेवायची? या टीमला पाच रनची लीडही पुरत नाही, मी बॅट ठेवीन.

यश कशावर मोजायचं हाही प्रश्नच. लोक म्हणतात ५२ च्या वर जिंकलो की मी शॉटनपेक्षा चांगला मॅनेजर. पण बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्सचा पायथॅगोरियन फॉर्म्युला लावा: केलेल्या रन ९४४, दिलेल्या ११९९, केलेल्या रनच्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागलं तर १५४ मॅचमध्ये ५९ विजय येतात. म्हणजे खरी टीमच तिच्या रनच्या मानाने सात मॅच कमी जिंकली होती, आणि कार्डं ज्या हिट-वॉकमधून रन येतात त्यांवरून बनतात, त्या सात मॅचवरून नाही. शिवाय इतक्या मॅचेसमध्ये फाश्यांमुळे सहा-सात विजय इकडे-तिकडे सहज होतात. ६५ च्या पुढे गेलात तर जरूर कॉलर ताठ करा, ५७ ला नको.

समोरासमोर बसणं जमत नसेल तेव्हा जुनी पद्धत अशी की बाहेर खेळणारा मॅनेजर सूचनांचा कागद पाठवतो आणि घरचा मॅनेजर दोन्ही बाजू खेळवतो. फिलीजसाठी असा कागद लिहिताना सगळ्यात आधी पिचरबद्दल लिहावं. बाकी टीमसाठी चौथ्या-पाचव्या रनला बुलपेन (राखीव पिचर) बघायला सांगतात, इथे तसं सांगितलं तर तिसऱ्या इनिंगलाच माणसं संपतात. स्टार्टरला सहा रनपर्यंत हात लावायचा नाही, बंट फक्त पिचरने करायचा, आणि क्लाइन किंवा ओडूल बॅटिंगला येणार असतील तर त्याआधी बेस चोरायचा नाही, एवढं स्पष्ट लिहिलं तरी बरंच काम होतं.