नदीने टाकून दिलेल्या वळणावर

शाळेच्या पुस्तकातला आदिमानव बहुधा गुहेच्या तोंडाशी बसलेला असतो. म्हणून गंगेच्या मैदानात, जिथे गुहा सोडाच, साधा दगडही सापडत नाही, तिथे शिकारी माणसं मुक्काम ठोकून राहिली हे अनेकांना खरं वाटत नाही. उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढ जिल्ह्यात सराय नाहर राय, महदहा आणि दमदमा इथे अलाहाबाद विद्यापीठाने १९७०-८०च्या दशकांत केलेल्या उत्खननांत हेच दिसलं. दमदमा किमान ८ हजार वर्षं जुनं आहे.

यातली पहिली दोन ठिकाणं नालाकृती सरोवरांच्या काठची. हे तळं बनतं कसं? गाळण्यातून निसटलेली चहापत्ती कपात ढवळा. ती कडेला न जाता तळाशी मधोमध गोळा होते. याच कोड्यावरून आइनस्टाइनने १९२६ साली नदीची वळणं उलगडली. वळणावर पाणी बाहेरच्या काठाकडे रेटलं जातं आणि तिथली पातळी किंचित चढते. या चढाचा दाब तळापर्यंत पोचतो. पण तळाचं पाणी घर्षणाने मंदावलेलं, त्याला बाहेर रेटणारा जोर अपुरा. म्हणून तळाचा प्रवाह उलट आतल्या काठाकडे वळतो आणि वाळूही सोबत नेतो. बाहेरचा काठ खचतो, आतला भरतो, वळण फुगत जातं. मधली जमीन चिंचोळी होते आणि एखाद्या पुरात नदी ती फोडून सरळ निघून जाते. मागे उरतं नालेच्या आकाराचं संथ तळं.

तिथे मासे, कासवं आणि पाण्यावर येणारी हरणं. दमदम्याची हाडं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनीही तपासली. तिथला मुक्काम वर्षभराचा असावा, असं त्यांचं मत पडलं. शेती नव्हती, तरीही! दगड मात्र गंगेपलीकडच्या विंध्यातून आणावा लागे: नखाएवढी गारगोटीची पाती, शिवाय पाटे-वरवंटे. हाड आणि शिंग हाताशी होतं, त्यांची बाणाग्रं नि दागिने महदह्याला मिळाले.

सराय नाहर रायचे काही पुरुष सहा फुटांच्या आसपास उंच होते. ‘घटोत्कचाचा सांगाडा’ म्हणून फिरणाऱ्या बनावट छायाचित्रांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. त्यांच्यातल्या एकाच्या बरगडीत दगडी पातं रुतलेलं सापडलं.

दमदम्याला ४१ कबरी आहेत, काहींत दोन माणसं एकत्र पुरलेली. त्या वस्तीबाहेर नाहीत. चुली पेटत होत्या त्याच आवारात आहेत.