डमी काडतूस
बारूद आणि टोपीतले, म्हणजे ठोका बसताच पेटणारे, स्फोटक नसलेले, पण आकाराने खऱ्याबरहुकूम असलेले काडतूस. बंदूक भरण्या-उतरवण्याची सवय, यंत्रणेची तपासणी आणि गोळी न झाडता चाप ओढण्याचा सराव, म्हणजेच ड्राय फायर, यांसाठी ते वापरतात. ‘पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे जप्त’ या ठरावीक बातमीत ‘जिवंत’ हा शब्द का लागतो, ते डमी हाताळले की कळते.

सगळी डमी एका कामाची नसतात. ब्रिटिश .303 रायफलीच्या कवायती काडतुसांत पितळी कोशावर उभ्या खाचा पाडून त्यांत लाल रंग भरलेला आढळतो. खाच बोटालाही लागते. मात्र टोपीची जागा रिकामी असेल, तर टोपीवर ठोका देणाऱ्या फायरिंग पिनला आधार मिळत नाही. तो आधार स्प्रिंगचा किंवा रबराचा देणारे डमी म्हणजे स्नॅप कॅप. दुनळी शॉटगनमध्ये त्याचा जुना उपयोग आहे. घोडे आत लपवलेली दुनळी उघडताना आपोआप चढते, म्हणजे झाडायला तयार होते; म्हणून ती ठेवून देण्यापूर्वी दोन स्नॅप कॅप घालून दोन्ही चाप ओढतात आणि स्प्रिंगांवरचा ताण उतरवतात.

आजच्या बहुतेक सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका देणाऱ्या, बंदुकांना अधूनमधून रिकामा चाप ओढल्याने अपाय होत नाही. .22 रिमफायरचे तसे नाही. तिची पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूस नसेल तर ती चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, काठावर आदळून खळगा पाडू शकते. प्लॅस्टिकच्या .22 डमीची कडही काही ठोक्यांत चेपते, म्हणून ते फिरवत राहावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले, ती रायफल याच कॅलिबरची.

ड्राय फायरमध्ये आवाज नसतो, धक्का नसतो. त्यामुळे चाप सुटताना नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरण्याची खूण, किंचित हलली तरी लपत नाही. रेंजवर प्रशिक्षक कधी जिवंत काडतुसांमध्ये एखादे डमी नेमबाजाच्या नकळत मिसळतो. त्या पाळीला नुसते ‘टक्’ होते, आणि धक्क्याच्या धास्तीने नळी खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. जिवंत आणि डमी एकत्र येण्याची ही एकच रास्त जागा, तीही देखरेखीखाली.

घरी जिवंत काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची, मॅगझिन काढायचे, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, आणि नेम धरायचा तो गोळी अडवील अशाच भिंतीवर. खरा धोका सराव संपल्यावर असतो: बंदूक पुन्हा भरली जाते आणि ‘आणखी एकदाच’ म्हणून चाप ओढला जातो. स्पर्धेत आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ड्राय फायरलाही अधिकाऱ्यांची परवानगी लागते.

चित्रपटातले डमी सर्वांत फसवे, कारण कॅमेऱ्यासाठी ते हुबेहूब दिसावे लागते. म्हणून कोशाला भोक पाडतात किंवा आत पोलादी छर्रा टाकतात; कानाशी हलवले की तो खुळखुळतो. 21 ऑक्टोबर 2021 रोजी न्यू मेक्सिकोतील एका सेटवर डमी समजल्या गेलेल्यांत जिवंत काडतूस निघाले आणि छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तंत्रज्ञ महिलेला 2024 मध्ये 18 महिन्यांची शिक्षा झाली.